मदत हवी आहे: जूनमध्ये आई आणि सहा वर्षांच्या मुलीसह काझा, परत कुंझुममार्गे यावे का?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्यातल्या काझाला जायचं नक्की केलंय. आम्ही चौघं: मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई. आईला बीपीची गोळी सुरू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. सल्फाची अ‍ॅलर्जी असल्याने डॉक्टरांनी विरळ हवेसाठीची नेहमीची गोळी नको म्हटलंय. उंची हळूहळू गाठा, हाच त्यांचा सल्ला.

म्हणून जाताना मनाली टाळून शिमला–किन्नौर रस्ता धरलाय. सराहनला एक मुक्काम, कल्पाला दोन, ताबोला दोन आणि मग काझा. या भागात मी ठाम आहे, घाई करणार नाही.

अडलंय ते परतीचं: कुंझुममार्गे मनालीला उतरावं का? कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरवर, पुढे बातल ते ग्राम्फू रस्ता खडबडीत, आणि दुपारी बर्फ वितळलं की नाल्यांना पाणी चढतं. दोन चालकांना विचारलं. एक म्हणतो बिनधास्त चला, दुसरा म्हणतो आजींना घेऊन नको. गाडी चालकासह भाड्याची आहे, हाताशी दोन दिवस जास्तीचे आहेत.

जूनच्या अखेरीस म्हातारं माणूस आणि लहान मूल घेऊन कुणी काझा–मनाली केलंय का? पहाटे निघून एका दिवसात झेपतं, की आल्या वाटेनेच परतावं?