क्लास निवडायचा की कौशल्यं कमवायची?

भटका मांत्रिक:
नवा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम उघडला की पहिल्याच स्क्रीनवर 'क्लास निवडा', म्हणजे योद्धा, मांत्रिक, वैद्य अशी पात्राची ठरलेली भूमिका निवडा, असं येतं आणि माझा हिरमोड होतो. गेम अजून बघितलेलाही नसतो, आणि पुढे शेकडो तास मी कोण असणार ते आत्ताच ठरवायचं? 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये (१९९७) क्लास नव्हतेच. कौशल्यांचे मिळून ७०० गुण, एकेका कौशल्यात १०० पर्यंत. मर्यादा गाठली की नवं शिकताना जुनं उतरायचं. तलवारबाज सुतार व्हा, नाहीतर मासेमारी करणारा मांत्रिक. जे कराल तेच तुम्ही.

ढालकरी:
तुमचा सुतार लढाईत किती टिकायचा? तिथे जो तो 'टँक-मेज', म्हणजे योद्धा आणि मांत्रिक एकातच, बनून यायचा. मंत्र आधीच म्हणून ठेवायचा, हॅल्बर्डचा (लांब दांड्याच्या परशूचा) घाव घालायचा आणि लगोलग मंत्र सोडायचा. मुभा हजार वाटांची, पण जिंकायचं तर वाट ठरलेली.
'एव्हरक्वेस्ट'मध्ये (१९९९) १४ क्लास होते आणि जखमा भरणाऱ्या क्लेरिकशिवाय खेळाडूंच्या टोळीचं पान हलत नसे. मी कायम हीलर, म्हणजे जखमा भरणारा, खेळतो. मला एकट्याला राक्षस मारता येत नाही, टोळीतल्या बाकीच्यांना स्वतःच्या जखमा भरता येत नाहीत, म्हणून तर एकमेकांना हाका मारतो. सगळ्यांना सगळं आलं तर कोण कुणाला बोलावेल?

भटका मांत्रिक:
पण सगळ्यांना सगळं येतच नाही! ७०० ची मर्यादा त्यासाठीच होती. टँक-मेज हा आकड्यांच्या समतोलाचा दोष. दुसऱ्याचं ठरलेलं बिल्ड (कौशल्यांची जुळणी) जसंच्या तसं उचलणं क्लासवाल्या गेममध्येही चालतंच.

कॅन्टिनातली नर्तकी:
'स्टार वॉर्स गॅलेक्सीज'चं (२००३) उदाहरण घ्या. २५० गुण, तीसहून जास्त पेशे, हवे तसे मिसळा, नको ते सोडून गुण परत घ्या. लढून थकलेली माणसं कॅन्टिनात, म्हणजे तिथल्या मद्यालयात, यायची आणि नर्तक-वादक त्यांचा शीण उतरवायचे. क्लास नसतानाही लोकांना एकमेकांची गरज होतीच, ढालकरी. नोव्हेंबर २००५ च्या अपडेटनं ते सगळं मोडून नऊ ठरावीक क्लास आणले. प्राणी पाळणाऱ्यांचा पेशाच गेला. कित्येकांनी गेम सोडला. त्याचा राग मला आजही येतो.

ढालकरी:
राग रास्त आहे. पण तो क्लासवर का? लोकांनी कष्टानं उभं केलेलं पात्र एका अपडेटनं हिसकावलं, घाव त्याचा होता. पहिल्या दिवसापासून नऊच क्लास असते तर कुणी एवढं दुखावलं नसतं. नर्तकांची गरज पडायची हे मात्र मान्य, तो मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

नवशिका:
माझी अडचण वेगळीच. मी क्लास नसलेल्या एका गेममध्ये चुकीच्या कौशल्यांवर महिना घालवला. क्लास असता तर निदान कुठून सुरुवात करायची ते कळलं असतं. 'फायनल फँटसी १४'सारखं का नको? एकाच पात्राला सगळे जॉब (तिथले क्लासच म्हणा), शस्त्र बदललं की जॉब बदलला.

ढालकरी:
मला चालेल. लढाई सुरू झाली की हीलर कोण हे पक्कं असतं, मधेच जॉब बदलता येत नाही.

भटका मांत्रिक:
मला तेच खटकतं. दहा कपाटं दिली, पण एका वेळी एकच उघडायचं. अर्धा वैद्य, अर्धा शिकारी तिथेही होता येत नाही, आणि मला नेमकं तेच व्हायचंय.