सोपे कॉल बॉटला, उरलेले माणसाला
एआय बॉट, म्हणजे ग्राहकांना आपोआप उत्तरं देणारे प्रोग्रॅम, आल्यामुळे कस्टमर सपोर्टमध्ये लवकरच माणसं लागणारच नाहीत, असं म्हणतात. हे मत मला पटत नाही. स्वीडनच्या क्लार्ना या ऑनलाइन पेमेंट कंपनीचंच बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की त्यांचा एआय असिस्टंट ७०० पूर्णवेळ एजंटांइतकं काम करतो. पहिल्याच महिन्यात त्याने २३ लाख संभाषणं हाताळली. २०२५ मध्ये कंपनीचे प्रमुख सेबास्टियन सिमियाटकोव्स्की यांनीच खर्चावर फार भर दिल्याने दर्जा घसरल्याचं मान्य केलं आणि पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली.

पण मला जास्त काळजी वाटते ती मागे उरलेल्या एजंटांची. पासवर्ड रीसेट, 'ऑर्डर कुठवर आली', हे सगळं बॉट घेतो. एजंटकडे पोचतो तो खात्यातून पैसे कापले गेलेला, बॉटचं तेच ते उत्तर ऐकून भडकलेला ग्राहक. आधी मधेमधे सोपे कॉल यायचे, तेवढीच उसंत मिळायची. आता प्रत्येक कॉल अवघड, आणि तो किती मिनिटांत संपवायचा याचं टार्गेट मात्र जुनंच ठेवलं, तर तो सरळसरळ अन्याय आहे. बॉट आणायचाच असेल तर आधी ते टार्गेट बदला, आणि बॉटशी झालेलं संभाषण एजंटला स्क्रीनवर दिसू द्या, म्हणजे ग्राहकाला पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगावं लागणार नाही.