चर्चा : नेटवर्क ड्रायव्हरला नेमस्पेस कळायलाच हवा का?

हर्णै_बंदर :
हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव होतो. तिथल्या एका संस्थेच्या कचेरीतलं लिनक्सचं मशीन माझ्याकडे आहे. त्यावर दोन नेटवर्क नेमस्पेस चालतात, म्हणजे एकाच मशीनमध्ये एकमेकांपासून वेगळी ठेवलेली दोन नेटवर्क. एकात लिलावाची बिलं, दुसऱ्यात कॅमेरे आणि व्यापाऱ्यांसाठीचं वायफाय. दोन्हींचे राउट, फायरवॉल, पोर्ट वेगळे आहेत आणि तसेच राहायला हवेत. बाहेरच्या रेडिओ लिंकचं कार्ड मी बिलांच्या नेमस्पेसमध्ये हलवलं. कार्ड दिसतं, आयपी लागतो. पण ड्रायव्हरसोबत (कार्ड चालवणाऱ्या कोडसोबत) आलेलं सेटिंगचं साधन आतून चालत नाही, आणि थोडा वेळ ट्रॅफिक गेला की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅनिक होतं, मशीन कोलमडतं.

ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये नाही, पण सोर्स मिळतो, म्हणून वाचला. ते साधन ड्रायव्हरशी जेनेरिक नेटलिंक या कर्नलच्या संदेशमार्गाने बोलतं. त्यातल्या ड्रायव्हरच्या फॅमिलीत (कमांडच्या संचात) 'नेटएनएसओके' लावलेलं नाही, त्यामुळे ती फक्त मूळ नेमस्पेसमध्येच दिसते. इंटरफेस (कर्नलला दिसणारं कार्ड) नावाने शोधताना सगळीकडे 'इनिट_नेट', म्हणजे मूळ नेमस्पेस, घट्ट लिहून ठेवलंय, म्हणजे दोन नेमस्पेसमध्ये एकाच नावाचे इंटरफेस असले तर हा भलताच उचलणार. पण खरं दुखणं नोटिफायरमध्ये, म्हणजे कर्नलच्या सूचना ऐकणाऱ्या भागात आहे. इंटरफेस एका नेमस्पेसमधून दुसऱ्यात जाताना कर्नल आधी 'अनरजिस्टर'ची सूचना देतं, मग 'रजिस्टर'ची. हा ड्रायव्हर पहिली सूचना ऐकली की आपली मेमरी सोडून देतो आणि कार्ड तर चालूच असतं. कर्नलमधल्या मॅकव्हीलॅन ड्रायव्हरचा कोड बघा. तिथे आधी 'रेग_स्टेट' (इंटरफेसच्या नोंदणीची अवस्था) तपासलंय, इंटरफेस खरोखर काढला जात नसेल तर काहीच करायचं नाही. दोन ओळींचं काम.

नेटवर्क नेमस्पेस २.६.२४ पासून, म्हणजे २००८ पासून कर्नलमध्ये यायला लागले. कंटेनर (एकमेकांपासून वेगळे ठेवलेले प्रोग्रॅम) चालवणारे डॉकर आणि कुबरनेटीस त्यांच्यावरच उभे आहेत. आज ड्रायव्हर लिहिणाऱ्याने हे सांभाळलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

वाशिष्ठीकाठ :
ताई, दोष तुम्ही बरोबर शोधलात, पण उपाय मला मान्य नाही. कार्ड हलवायचंच कशाला? ते मूळ नेमस्पेसमध्ये ठेवा, प्रत्येक नेमस्पेसला व्हीइथची (दोन टोकांच्या आभासी केबलची) एक जोडी द्या, मधे राउटिंग. आगरात पाटाचं पाणी प्रत्येक आळ्यात जातं, पण रहाट कोणी उचलून आळ्यात नेत नाही. हार्डवेअर एक, फर्मवेअर एक, त्याचा मालकही एकच असावा.

दुसरं, देखभालीचं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, त्यानंतर मिळेल ते कार्ड टाकून मशीनं उभी केली आम्ही. कार्ड कुठल्या कंपनीचं, ड्रायव्हर कुठला, याचा आतल्या सेटअपवर काही परिणाम झाला नाही, कारण आत फक्त व्हीइथ होता. तुम्ही ड्रायव्हरला पॅच मारणार, मग प्रत्येक कर्नल अपडेटला तो पुन्हा बसवणार. आषाढात रस्ता बंद असताना हे कोण करणार?

हर्णै_बंदर :
कार्ड बदलण्याचा मुद्दा वजनदार आहे. पण व्हीइथ घेतला की बिलांचं प्रत्येक पॅकेट मूळ नेमस्पेसमधून जाणार, आणि कॅमेऱ्यांचंही. मग दोघांना वेगळं ठेवणं त्या एका फायरवॉलच्या नियमांवर आलं. एक नियम चुकला की कॅमेऱ्याच्या बाजूने बिलांपर्यंत वाट. कार्ड आत असेल तर अशी वाटच नसते, चुकायला नियमच नाही. पैशाच्या हिशेबासाठी मला तेच हवंय.

मालवणी_कर्नल :
मालवणातसून रामराम. तुमचा अर्धा म्हणणा माका पटता, अर्धा नाय. बाकीचं सगळ्यांना कळेल असं लिहितो.

लिनक्ससारख्याच फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये याला व्हीनेट म्हणतात. मूळ काम झाग्रेबच्या मार्को झेक यांचं, त्यांचा शोधनिबंध २००३ चा. १२.० पासून ते जेनेरिक कर्नलमध्येच चालू असतं. तिथे चालू थ्रेडला 'कर्व्हनेट' लागतो, म्हणजे आपण सध्या कुठल्या नेटवर्क स्टॅकमध्ये (कर्नलमधल्या नेटवर्क सांभाळणाऱ्या यंत्रणेत) आहोत ते. साध्या इथरनेट ड्रायव्हरला त्याचं काहीच करावं लागत नाही, कारण पॅकेट वर देताना 'इथर_इनपुट' स्वतःच इंटरफेसचा व्हीनेट लावून घेतं. पण ड्रायव्हरने टायमरमधून स्टॅकच्या चलांना हात घातला, तर आधी 'कर्व्हनेट_सेट' आणि शेवटी 'कर्व्हनेट_रिस्टोर' त्यालाच लिहावं लागतं. विसरलात तर पॅनिक. मला हे आवडतं, कारण चूक लगेच दिसते. लिनक्समध्ये 'इनिट_नेट' लिहिलेला ड्रायव्हर वर्षानुवर्षं ठीक चालतो, कारण कोणी कार्ड हलवतच नाही. म्हणून ताई, तुमचा राग ड्रायव्हर लिहिणाऱ्यावर नको. काम स्टॅकनेच वर उचलायला हवं, ड्रायव्हर जितका अडाणी तितका चांगला.

सुरुबन :
मी सुरक्षेच्या बाजूने विरोध करते. ते साधन चॅनेल आणि पॉवर बदलतं ना? मग ते दुसऱ्या नेमस्पेसमधून दिसावं असा आग्रह कशासाठी? कर्नल ३.८ पासून, डिस्ट्रोने बंदी घातली नसेल तर, साधा युजरसुद्धा युजर नेमस्पेस (अधिकारांपुरतं वेगळं जग) बनवून आत रूट, म्हणजे सर्वाधिकारी, होतो. कोणी उत्साहात मूळ युजर नेमस्पेसमधला अधिकार तपासणारं 'केपेबल' काढून, त्या-त्या नेमस्पेसपुरता अधिकार पुरे मानणारं 'एनएस_केपेबल' लिहिलं की कंटेनरमधला तो रूट तुमच्या रेडिओची पॉवर बदलणार. राउटिंग टेबल स्टॅकचं आहे, ते त्याला देऊ शकता. रजिस्टर (चिपमधली सेटिंगची जागा) हार्डवेअरचं आहे, ते नाही.

हर्णै_बंदर :
सुरुबन ताई, हे शंभर टक्के मान्य. पण दिसणं वेगळं आणि परवानगी वेगळी. 'नेटएनएसओके' लावा आणि कमांडवर 'जेन्ल_ॲडमिन_पर्म' ठेवा. तो झेंडा मूळ युजर नेमस्पेसमधला अधिकार मागतो. 'जेन्ल_यूएनएस_ॲडमिन_पर्म' मात्र लावायचा नाही. मी 'आयपी नेटएनएस एक्झेक' (नेमस्पेसच्या आत कमांड चालवणारी कमांड) खऱ्या रूटने चालवते, माझं काम होईल. कंटेनरमधल्या रूटला नकार मिळेल.

मालवणी दादा, नोटिफायरमध्ये मेमरी सोडणं हे स्टॅक कसं उचलणार? ती ड्रायव्हरची स्वतःची मेमरी आहे.

वाशिष्ठीकाठ :
नोटिफायर दुरुस्त व्हायलाच हवा, त्यावर वाद नाही. पण ज्या ड्रायव्हरला हे सगळं झेपत नाही त्याने हलवायला सरळ नकार द्यावा. जुन्या कर्नलात 'नेटिफ_एफ_नेटएनएस_लोकल' होतं, नव्यात 'नेटएनएस_इम्युटेबल'. लूपबॅकला (मशीनच्या स्वतःशीच बोलायच्या इंटरफेसला) ते असतंच. वायफायचे इंटरफेस असेच बांधलेले असतात, हलवायचा तर अख्खा फाय, म्हणजे रेडिओच, हलवावा लागतो, तोही ड्रायव्हरने 'विफाय_फ्लॅग_नेटएनएस_ओके' दिला असेल तरच. हलवताना 'ईइनव्हॅल' हा एरर मिळाला असता तर ताईंचा पॅनिक टळला असता. एका ओळीचा पॅच, कर्नलप्रमाणे फक्त ती ओळ बदलायची. मी असतो तर तेवढंच केलं असतं आणि पुढे व्हीइथ.

हर्णै_बंदर :
निर्मात्याने ते आजच करावं, खरंच. अर्धवट चालणारा ड्रायव्हर देण्यापेक्षा स्पष्ट नकार देणारा कितीतरी बरा. पण सोर्स हातात असताना मी नकारावर थांबणार नाही. बिलं कॅमेऱ्यांसोबत एका स्टॅकमधून नेणं मला मान्य नाही, आणि पॅच सांभाळायची माझी तयारी आहे.

मालवणी_कर्नल :
मेमरीचं तुमचं बरोबर, ते ड्रायव्हरचंच. पॅच मारल्यावर फक्त हलवून बघू नका. कार्ड आत असताना नेमस्पेसच मोडा. खरं कार्ड असेल तर कर्नल ते मूळ नेमस्पेसमध्ये परत आणतं, आणि तिथे त्याच नावाचा इंटरफेस आधीच असेल तर नाव बदलून देतं. नावावर विसंबणारा ड्रायव्हर तिथे हमखास सापडतो. हे मेमरी तपासणाऱ्या कासान कर्नलवर करा, म्हणजे सोडलेली मेमरी वापरली तर लगेच कळेल. आणि परत आल्यावर आयपी, राउट गेलेले असतात, ते पुन्हा लावायची स्क्रिप्ट हाताशी ठेवा.