बँकॉकचं जुनं शहर: कामी येतील असे अनुभव लिहा

बँकॉक म्हटलं की आपल्याकडे खरेदी आणि मागून एक मिश्किल हसू, एवढ्यावरच विषय संपतो. १७८२ मध्ये राजा पहिला राम याने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर वसवलेली राजधानी, म्हणजे रतनकोसिन, पायी बघण्याजोगी आहे. ‘मस्त आहे, चुकवू नका’ सोडून सगळं लिहा: कुठून शिरायचं, कधी, कुठे अडकायला होतं. (खाली सदस्यांचे प्रतिसाद, त्यांच्या टोपणनावांसह.)

नावाडी
टॅक्सी नको, जुन्या शहरात ट्रॅफिक तुंबतो. बीटीएसने (उन्नत रेल्वेने) सफान ताक्सिन स्टेशन, खाली साथोर्नचा धक्का, तिथून नारिंगी झेंड्याची बोट. भाडं सरसकट १६ बाथ. धक्क्यावर आधी निळ्या झेंड्याची पर्यटक बोट गळ्यात मारतात, ती महाग. राजवाड्यासाठी (ग्रँड पॅलेस) ता चांग धक्का, वाट फोसाठी (वाट म्हणजे देऊळ) ता तियन. बोट धक्क्याला जेमतेम टेकते आणि सुटते, त्यामुळे आधीच मागच्या दाराशी उभं राहा. मेट्रोने यायचं तर निळ्या मार्गावरचं सानाम चाय. तिथे फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून जाता येतं, फक्त भारतातून निघण्यापूर्वी त्यावरचे परदेशी व्यवहार चालू करून ठेवा.

खिडकी क्र. १
राजवाडा साडेआठला उघडतो, तिकीटविक्री साडेतीनला बंद, परदेशी माणसाला ५०० बाथ. साडेआठलाच पोचा. दहानंतर टूरच्या बसगाड्या येतात आणि फरशी तापते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बिनबाह्यांच्या कुर्त्यावर ओढणी घेतली तर फाटकावर परत पाठवतात, बाह्याच लागतात. घट्ट लेगिंग्ज आणि फाटकी जीन्सही चालत नाही. बाहेर हत्तीछाप पायजमे मिळतात, पण भाव तुमच्या अडचणीचा.

रस्त्यात कुणी सभ्य माणूस ‘आज सण आहे, राजवाडा दुपारी उघडेल’ म्हणाला तर ऐकून सोडून द्या. पुढे स्वस्त टुकटुक असते आणि ती थेट रत्नांच्या दुकानात नेते. राजघराण्याच्या समारंभासाठी काही भाग खरंच बंद असतो, पण ते फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारा. तिकिटात खोन या मुखवटानाट्याचा छोटा प्रयोगही धरलेला असतो. त्या दिवशी आहे का, ते खिडकीवरच विचारून घ्या.

चित्रकथी
राजवाड्याच्या आवारातल्या देवळात लोक पाचूच्या बुद्धापाशी धावतात. मूर्ती ६६ सेंमी उंच, पाचूची नव्हे तर जेडसारख्या हिरव्या दगडाची आणि खूप उंचावर. आत फोटो काढायचा नाही, बसताना पाय मूर्तीकडे करायचे नाहीत. दहा मिनिटांत बघून होते.

वेळ द्यायचा तो देवळाभोवतीच्या ओवरीला. तिथे रामकियनची, म्हणजे थाई रामायणाची, १७८ भित्तिचित्रं आहेत. उत्तरेच्या दारापासून, जनकाला सीता सापडते तिथून सुरुवात करा आणि प्रदक्षिणेच्या दिशेने चला. मधूनच घुसलात तर काही लागत नाही. ओळखायला रंग पुरतात: राम हिरवा, लक्ष्मण सोनेरी, हनुमान पांढरा. घोळ रावणाचा, कारण तोही हिरवाच. पण डोकी मुकुटासारखी एकावर एक रचलेली असतात.

अहिरावण-महिरावणाची गोष्ट ज्यांनी ऐकली आहे त्यांनी मैयराबचं, म्हणजे थाई महिरावणाचं, चित्र शोधावं. झोपलेल्या रामाला कुणी पळवू नये म्हणून हनुमान अंग वाढवून अख्खा मंडपच तोंडात धरून बसलाय. त्याच्या पांढऱ्या अंगावरची वळणं अगदी जवळून बघा. सेतू बांधताना दगड चोरणारी सुवण्णमच्छा, म्हणजे रावणाची मत्स्यरूपी मुलगी, हनुमानाच्या प्रेमात पडते. त्यांचा मुलगा मच्छानू, म्हणजे आपल्या मकरध्वजाचाच भाऊबंद. आजीला मात्र ‘ब्रह्मचारी मारुती’चं हे प्रकरण बेतानेच सांगा! भिंतींना ओल येते, म्हणून चित्रं पुन्हा पुन्हा रंगवलेली आहेत. ‘अस्सल जुना रंग’ शोधत बसू नका.

नावाडी
वाट फो: पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब. पूर्ण फोटोसाठी पायांच्या बाजूने उभं राहा. तळव्यांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हं आहेत. चपला पिशवीत घालून बरोबर न्याव्या लागतात.

वाट अरुण पलीकडच्या काठावर. ता तियनहून पलीकडे नेणाऱ्या होडीचा धक्का वेगळा, मोठ्या बोटीचा नव्हे. नदीकडची बाजू पूर्वाभिमुख आहे, म्हणून मनोऱ्यावरचे चिनी मातीचे तुकडे सकाळीच उजळतात. जवळ जाऊन पाहिलं तर अख्ख्या बश्या बसवून फुलं केलेली दिसतात. संध्याकाळी अलीकडच्या काठावरून फक्त काळी आकृती मिळते, तीच हवी असेल तर तेव्हा या. पायऱ्या अतिशय उभ्या आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी खालूनच बघावं.

@चित्रकथी, राजवाडा आणि ओवरी नीट बघितली तर त्याच दिवशी वाट अरुण सकाळच्या उजेडात जमत नाही. दोन सकाळी धरा.

शुद्ध शाकाहारी
‘भाजी’ सांगून भागत नाही, भाजीतही माशाचा सॉस पडतो. पिवळ्या पताकेवर लाल थाई अक्षरं दिसली तर ‘जे’ जेवण: मांस, मासे, अंडं, कांदा-लसूणही नाही. ‘मांग्सविरत’ (थाईत ‘शाकाहारी’) म्हटलं तर अंडं येऊ शकतं. काहीच जमलं नाही तर सानाम चायच्या पुढचं स्टेशन साम योत, तिथे फाहुरात या भारतीय वस्तीतल्या गुरुद्वारात लंगर असतो. डोकं झाकायला रुमाल ठेवा.