चर्चा : ‘विकसनशील’ हा शब्द आपण सोडून द्यावा का?

गिरगावकर (धागाकर्ता)
देशांसाठी ‘विकसनशील’ हे विशेषण मराठीत वापरणे थांबवावे, असे माझे ठाम मत आहे. ‘विकास’ म्हणजे मुळात उमलणे, आणि कळी शेजारच्या झाडाशी तुलना करून उमलत नाही. २० जानेवारी १९४९ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी ‘अविकसित प्रदेशां’च्या उन्नतीचा कार्यक्रम मांडला आणि अवघे जग एकाच मोजपट्टीवर आले, ‘विकसनशील’ हे त्या ‘अविकसित’चेच सौम्य रूप होय. जागतिक बँकेनेही २०१६ साली आपल्या विकास निर्देशकांतून ‘विकसित’ आणि ‘विकसनशील’ ही विभागणी काढून टाकली.

परळकर
असहमत. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीवर नव्हे, वापरावर ठरतो. ‘देश’ हा शब्द ‘दिश्’, म्हणजे दाखवणे, या धातूपासून आला. तरी आमच्या चाळीतली कोकणातली मंडळी ‘तो देशावरचा’ म्हणत, तेव्हा त्यांना घाटावरचा मुलूख अभिप्रेत असे. शिवाय ‘शील’ म्हणजे स्वभाव. विकसन हा ज्याचा स्वभाव, तो विकसनशील. यात कमीपणा कुठे आहे?

दादरकर
व्युत्पत्ती विसरल्याने नुकसान होते, याचे उदाहरण ‘तिसरे जग’. फ्रेंच अभ्यासक आल्फ्रेड सोवी यांनी १९५२ साली हा शब्द योजला तो राज्यक्रांतीपूर्व फ्रान्समधील ‘तिसऱ्या वर्गा’वरून, म्हणजे धर्मगुरू आणि सरदार यांच्याबाहेरच्या, उपेक्षित पण आपला हक्क मागणाऱ्या जनतेवरून. मराठीत मात्र ‘तिसरे’ म्हणताच तिसरा क्रमांकच ऐकू येतो.

गिरगावकर
दादरकरांशी सहमत. परळकर, ‘देश’चा अर्थ बोलणाऱ्यांनीच घडवला, हा मोठा फरक आहे. गिरणगावात चाळ पाडून टॉवर उभा राहतो त्याला ‘पुनर्विकास’ आणि बिल्डरला ‘विकासक’ म्हणतात. ही नावे तिथल्या भाडेकरूंनी दिलेली नाहीत.

परळकर
जागतिक व्यापार संघटनेत कोणताही देश आपण विकसनशील असल्याचे स्वतःच जाहीर करतो आणि त्या आधारे करारांच्या अंमलबजावणीसाठी जास्त मुदत व इतर सवलती मागतो. भारतानेही हे स्थान सोडलेले नाही, ते योग्यच आहे. आणि चाळीचे म्हणाल, तर माझ्या आईने चाळीस वर्षे सामाईक संडासासमोर रांग लावली. नव्या घरात तिला स्वतःचा संडास मिळाला, त्याला ती विकासच म्हणते, आणि तो शब्द तिने कोणाकडून उसना घेतलेला नाही.