मदत हवी आहे: मागावर मास्क लावला की बाबांना गरगरतं, ऑक्सिजन कमी पडत असेल का?

नमस्कार मंडळी. बाबा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर आहेत, वय ५८. हिवाळ्यापासून कोरडा खोकला आहे. डॉक्टर म्हणाले, कामावर मास्क लावा. एन-९५ आणून दिला, तर दुपारच्या पाळीत गरगरतं, डोकं दुखतं म्हणतात. शेजारच्या मागावरचे त्यांना सांगतात, "आपलीच घाण हवा परत आत जाते." आता मास्क खिशात आणि तोंडाला रुमाल! घरी ऑक्सिमीटर लावून बघितलं, मास्क लावून ९७, काढून ९७. पण घरी ते पंख्याखाली बसलेले, तिथं ४२ अंशांत उभे. मास्कनं खरंच अपाय होतो का? २०२० ची भांडणं परत नकोत, प्लीज.

कांडीवाला: ऑक्सिजन अडत नाही ओ. एन-९५ ची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू त्याहून शेकडो पटींनी लहान. रुमालातून मात्र बारीक धूळ आरामात आत जाते.

जुळे सोलापूरकर: अर्धंच सांगितलंत. घट्ट मास्कमध्ये श्वास ओढायला जोर लागतो, आत थोडी उच्छ्वासाची हवा राहते, काहींचं डोकं दुखतं. ही तक्रार खोटी नाही. आणि ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड दाखवतच नाही, त्यामुळं ९७ वरून सगळं कळत नाही. तरी धडधाकट माणसाला यानं सहसा धोका नसतो. दम्याचा किंवा सीओपीडीचा (फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा) त्रास असेल तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टरांना विचारूनच. मला तर मास्कपेक्षा उकाड्यावर संशय आहे. बाबा पाळीत पाणी किती पितात? बीपी, शुगर कधी तपासली?

धागाकर्ती: पाणी कमीच, सारखं मास्क काढावं लागतं म्हणून. बीपी तपासून वर्ष झालं असेल.

जुळे सोलापूरकर: मग आधी ते बघा. मास्क झडपेचा घ्या, श्वास सोडायला हलका पडतो. झडपेतून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, त्यामुळं साथीत दुसऱ्याच्या बचावाला तो उपयोगाचा नाही, धुळीसाठी चालतो. पाकिटावर आयएस ९४७३ (मास्कचं भारतीय मानक) आणि एफएफपी२ (गाळण्याची श्रेणी) छापलंय का बघा. तासा-दीड तासानं बाहेर मोकळ्या हवेत येऊन मास्क काढायचा, पाणी प्यायचं. मागाजवळ उभं राहून काढू नये.

आता खोकल्याचं विचारते, सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते का? कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची ती खूण असते. सूतगिरणीत तो जास्त, विणकामात कमी, पण स्पायरोमेट्री (नळीत फुंकून फुप्फुसांची तपासणी) करून घ्याच. सिव्हिलमध्ये छातीच्या ओपीडीत विचारा.

धागाकर्ती: सुट्टीनंतरचं कधी लक्षातच घेतलं नाही, आज विचारते. हा मास्क धुवून वापरला तर चालेल ना? रोज नवा परवडणार नाही.

कांडीवाला: साबणानं धुवू नका. त्याच्या जाळीत स्थिर विद्युतभार असतो, धूळ त्यानंच धरली जाते, साबणानं तो जातो. वाळवून कागदी पिशवीत ठेवा, श्वास जड व्हायला लागला किंवा पट्टा सैल पडला की टाकून द्या.