विद्यार्थी मंडळ बंद होत आहे. माजी विद्यार्थ्यांनी पुढे काय करावे?

जुना खजिनदार

नमस्कार. गोव्यात फोंड्यातील आमचे नोंदणीकृत विद्यार्थी मंडळ मे महिन्यात बंद करावे, असे सध्याच्या मुलांनी ठरवत आणले आहे. पेडणे, सत्तरी आणि काणकोणहून शिकायला येणाऱ्या मुलांनी भाड्याच्या दोन खोल्यांत एकत्र राहावे आणि नव्याला जुन्याने सांभाळावे, एवढ्याच हेतूने ते सुरू झाले होते. पुढे साखळी, केपे, खांडोळा आणि पेडणे येथे सरकारी महाविद्यालये झाली, काणकोणातही पदवीपर्यंत शिकण्याची सोय झाली, आणि जी मुले तरीही फोंड्याला येतात ती दुचाकीने संध्याकाळी घरी परततात. आज मंडळात ६ जण उरले आहेत.

मागे राहते ते असे: पुस्तकांचे एक कपाट, पेटी-तबला, नाटकाच्या पोशाखांची ट्रंक, इतिवृत्ताच्या ९ वह्या आणि बँकेतील दोन मुदत ठेवी, ज्यांतील एक आमच्या एका दिवंगत मित्राच्या आईने दरवर्षी बक्षीस देण्यासाठी ठेवली होती. आम्हां माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट मोठा आहे आणि मंडळ टिकावे असे प्रत्येकाला वाटते. मात्र गेले तीन दिवस चर्चा झाली ती पेटी कोणाच्या घरी जावी यावरच. हे सर्व आम्हांला ताब्यात घेता येईल का?

निवृत्त लेखनिक

खजिनदारसाहेब, पेटी कोणाच्याच घरी जाऊ शकत नाही. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचे कलम १४ सांगते की विसर्जनानंतर देणी भागवून जे उरेल ते सभासदांत वाटता येत नाही. ते दुसऱ्या एखाद्या संस्थेकडेच गेले पाहिजे, आणि ती संस्था कोणती हे विसर्जनाच्या वेळी उपस्थित असलेल्या सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी ठरते. विसर्जनाचा निर्णय मात्र कलम १३ प्रमाणे उपस्थितांच्या नव्हे, तर एकूण सभासदांच्या तीन-पंचमांश मतांनी घ्यावा लागतो, आणि तोही त्याच कामासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत. या दोन मोजण्यांत गल्लत झाल्यामुळे परत आलेली कागदपत्रे मी नोकरीत असताना पुष्कळ पाहिली आहेत.

आता सभासद कोण, हे पाहा. वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल तर कलम १५ प्रमाणे त्या व्यक्तीला मत देता येत नाही आणि तिची सभासदांत गणनाही होत नाही. तुमच्या घटनेत आजीव सभासदत्वाची तरतूद नसेल, तर गटातल्या कोणालाही मत नाही. त्या ६ मुलांपैकी चौघांनी हात वर केले की मंडळ संपले. कडू वाटेल, पण माजी विद्यार्थी हे नाते आहे, सभासदत्व नव्हे.

काणकोणची ताई

काकांचे म्हणणे योग्य आहे, पण त्यातूनच वाट निघते. याच कायद्याप्रमाणे सात व्यक्ती एकत्र येऊन नवी संस्था नोंदवू शकतात. तुमच्यातील सात जणांनी माजी विद्यार्थ्यांची संस्था आधी नोंदवावी आणि मगच मुलांनी विसर्जनाची सभा बोलवावी, म्हणजे मालमत्ता कोणाला द्यायची या प्रश्नाला उत्तर तयार असेल. क्रम उलटा झाला तर ते उत्तर न्यायालय ठरवील. विसर्जन नकोच असेल तर कलम १२ प्रमाणे विलीनीकरणही करता येते. त्यासाठी सभेच्या दहा दिवस आधी लेखी प्रस्ताव सभासदांकडे पोहोचवावा लागतो आणि एका महिन्याच्या अंतराने दुसरी सभा घेऊन ठराव कायम करावा लागतो, म्हणजे मे गाठायचा तर आताच कामाला लागायला हवे.

मंडळाची आयकर खात्याकडे धर्मादाय म्हणून नोंदणी आहे का, हे तपासा. असल्यास मालमत्ता तशाच नोंदणी असलेल्या संस्थेकडे, विसर्जनाचा महिना संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत जायला हवी, अन्यथा तिच्यावर सर्वोच्च दराने कर बसतो. नव्या संस्थेने म्हणून तात्पुरत्या नोंदणीचा अर्ज लगेच करावा.

मुंबईत धोबीतलावला गोव्यातल्या गावांचे कूड, म्हणजे गावकऱ्यांनी एकत्र राहायच्या जागा, आहेत. बोटीवर जाणारे खलाशी तेथे ट्रंक ठेवत, रात्री एकत्र रोझरी म्हणत. बोटींच्या भरतीची पद्धत बदलली, विमाने आली आणि राहणारे कमी झाले. पण कूड गावाच्या नावाचा असल्यामुळे जागा कोणाची, हा प्रश्न तरी सहज सुटतो. तुमच्या मंडळाला गाव नव्हते, फक्त तुकड्या होत्या.

शेवटची तुकडी

मी त्या सहांपैकी एक. आम्ही मंडळ बुडवायला निघालेलो नाही, दादा. घरमालकाने भाडे वाढवले, ते सहा जणांत विभागून परवडत नाही, एवढेच कारण आहे. व्यवस्थापक मंडळाची वार्षिक यादी निबंधकांकडे काही वर्षे गेलेलीच नाही, हे आम्हांला बँकेत गेल्यावर कळले. तेथे सही करणाऱ्यांत अजून मस्कतला असलेल्या एका दादांचे नाव आहे. ते आधी निस्तरावे लागेल, आणि त्यासाठी जुने ठराव आम्हांला हवे आहेत.

जुना खजिनदार

यादीचा दोष आमच्या काळापासूनचा आहे, तो मी स्वतः येऊन निस्तरतो. पाच नावे मिळाली आहेत, माझे धरून सहा. सातव्यासाठी आज रात्री फोन करतो. बक्षिसाची ठेव मात्र इतर पैशांत मिसळू नये, ती त्याच कामासाठी राहील असे ठरावात वेगळे लिहावे, आणि ठरावाआधी त्या माउलींना आपण दोघांनी भेटून विचारावे, असे मला वाटते. इतिवृत्ताच्या वह्यांसाठी पणजीत पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात चौकशी करतो. चौथ्या वहीत चवथीच्या माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या सजावटीचा, खर्च आणि कोणी कोणती फळे आणली याची यादी आहे. ती वही भिजली आहे, तिला उन्हात ठेवू नका, पंख्याखाली सावलीतच वाळू द्या.